पाणी तुमचंच आहे, आगा!

पाणी मीच दिलं. गावात हे मला तोंडावर कुणी बोलत नाही, कारण आमच्याकडे तोंडावर कुणी काहीच बोलत नाही, आणि त्यातच तर सगळा घात झाला. फक्त मी रस्त्यात भेटलो की लोक माझ्या तब्येतीची जरा जास्तच चौकशी करतात. त्यावरून काय ते मला समजतं.

मी यदुल्ला, मशहदची यात्रा करून आलोय म्हणून लोक मशदी यदुल्ला म्हणतात. यज्दच्या पलीकडे, वाळवंटाच्या कडेला आमचं साठ उंबऱ्यांचं गाव आहे, देह-सियाह. डोंगराच्या पोटातून जमिनीखालून एक बोगदा येतो, त्याला आम्ही कारेझ म्हणतो. त्याचं पाणी गावाच्या तोंडाशी उजेडात येतं. आम्हाला पाणी म्हणजे तेवढंच. नदी नाही, तळं नाही, आणि पावसाबद्दल मी काही बोलत नाही, उगाच तोंडून शिवी जायची. मी त्या पाण्याचा पाटकरी, म्हणजे कुणाच्या डाळिंबांना किती वेळ पाणी सोडायचं ते ठरवणारा. माझे वडील पाटकरी होते, त्यांचे वडीलही. तीन पिढ्यांत आमच्या घराने कुणाला थेंबभर पाणी जास्त दिलं नाही. आणि मी एका सकाळी सगळंच देऊन मोकळा झालो.

वरचे आले ते जुम्म्याच्या सकाळी. ‘वरचे’ असंच म्हणायचो आम्ही त्यांना. महिन्याभरापूर्वी ते जगभर उतरल्याचं रेडिओवर ऐकलं होतं, पण आमच्याकडे कोण कशाला मरायला येतंय असं वाटायचं. आमच्याकडे गुरांचा डॉक्टरसुद्धा येत नाही. हे मात्र आले. उंच, किडकिडीत, गुडघे मागच्या बाजूला, आणि प्रत्येकाच्या गळ्यात एक डबी. ती डबी आमची भाषा बोलायची, तीही बातम्या वाचल्यासारखी शुद्ध. त्यांच्या पुढाऱ्याचं खरं नाव उच्चारायला दोन घसे लागतात, म्हणून माझ्या बायकोने, कौकबने, पुढे त्याचं नाव शमशाद ठेवलं. आमच्याकडे एका उंच झाडाचं ते नाव.

शमशादने कारेझच्या पाण्यात बोट बुडवलं. “सुंदर पाणी आहे,” डबी म्हणाली. “कुणाचं?”

आता मला सांगा, दारी आलेल्या माणसाने तुमच्या वस्तूचं कौतुक केलं तर काय म्हणतात? माझी आई मला काय शिकवून गेली होती? मी छातीवर हात ठेवला नि म्हणालो, “तुमचंच आहे, आगा! तुमच्यापुढे त्याची काय किंमत?”

“खरंच आमचं?”

“अहो, पाण्याचं काय घेऊन बसलात, मीसुद्धा तुमचाच.”

नशीब, त्याला मी नको होतो.

दुसऱ्या दिवशी वरच्यांनी डोंगरात, जिच्यातून कारेझ सुरू होतो ती पहिली विहीर आहे तिथे, एक चकचकीत नळी बसवली आणि पाणी आपल्या तळावर खेचायला सुरुवात केली. गावाच्या तोंडाशी करंगळीएवढी धार उरली. पिण्यापुरती. डाळिंबांना थेंब नाही.

तूबा खानम म्हणजे आमच्या शाळेच्या बाई. गावात रेडिओ नीट लक्ष देऊन ऐकणाऱ्या त्या एकट्या. त्या धावत आल्या. “मशदी यदुल्ला, तुम्ही त्यांना काय बोललात?” मी सांगितलं. त्या मटकन खालीच बसल्या.

तेव्हा कळलं की वरचे कुणाला मारत नाहीत, कुणाचं लुटत नाहीत. त्यांच्यात ते पाप आहे. मालकाने स्वतःच्या तोंडाने दिलं तरच घेतात, आणि एकदा घेतलेलं मागून परत मिळत नाही, त्यांनी आपणहून दिलं तरच मिळतं. जर्मनीत म्हणे ते एका दारात गेले, आतल्या बाईने “नको” म्हणून दार लावून घेतलं, तर हे गुपचूप निघून गेले. अख्खा देश वाचला, नुसत्या उद्धटपणावर!

आणि आम्ही? कौकबने सात वर्षं खपून विणलेला गालिचा दिला, कारण शमशादने त्याच्याकडे दोनदा पाहिलं. आमचा शेजारी बरातअली त्यांना दारात म्हणाला, “तुमचं पाऊल माझ्या डोळ्यांवर.” अजून एका डोळ्याला फडकं बांधून हिंडतो. नौरोजअली न्हाव्याने तर कहर केला. म्हणाला, “तुमच्यावरून जीव ओवाळून टाकतो.” त्याला ते घेऊनच गेले. फार आदराने नेलं, असं म्हणतात. लहानपणापासूनचा माझा मित्र होता तो, आम्ही एकाच झोळीत झोपवलेली पोरं. मला त्याची फार आठवण येते, आणि आता माझी दाढी वाढली आहे ती तशीच वाढू देतो.

तूबा खानमने सगळ्यांना मशिदीच्या अंगणात जमवलं आणि शिकवणी सुरू केली.

“फक्त ‘नाही’ म्हणायचं. समजा, मी वरची आहे. बरातअली, तुमचं गाढव छान आहे.”

“घेऊन जा की, त्यात काय—”

“बरातअली!”

“नाही... म्हणजे बाई, तुमच्या तोंडावर नाही कसं म्हणायचं? गाढवच ते, पण तुम्हाला आवडलं असेल तर...”

“गेलं गाढव,” तूबा खानम म्हणाल्या. “पुढचे कोण?”

दुपारच्या नमाजापर्यंत घसा फोडला बिचारीने. साऱ्या गावात खणखणीत ‘नाही’ म्हणाली ती एकटी बीबी गौहर. ती नव्वदीची आहे, ठार बहिरी आहे, आणि तिला वाटलं कुणीतरी चहा विचारतंय.

“ठीक आहे,” तूबा खानमने खडू फेकून दिला. “तुम्हाला नाही म्हणता येत नाही ना? मग त्यांना म्हणायला शिकवू. नियम दिसला की ते पाळल्याशिवाय राहत नाहीत.”

मग आम्ही दोघं चहाचा समोवर आणि वेलदोड्याची मिठाई घेऊन तळावर गेलो. आम्ही मिठाई पुढे करताच शमशादने ती उचलली. तूबा खानमने असा चेहरा केला की त्याने ती तोंडापाशी नेऊन थांबवली.

“काही चुकलं?”

“तसं काही नाही,” त्या म्हणाल्या. “आमच्याकडे कुणी काही दिलं तर तीनदा ‘नको’ म्हणतात. लगेच घेणं म्हणजे... जाऊ दे, तुम्ही परके.”

शमशादची मान हळूहळू निळी पडली. लाज वाटली की त्यांचं तसं होतं, हे पुढे कळलं. “म्हणजे पाण्याच्या वेळी मी...”

“पहिल्याच फटक्यात हो म्हणालात. तेही चारचौघांत.”

आता तो अगदी निळा झाला. तूबा खानमने मला कोपराने ढोसलं, की आत्ताच काहीतरी सुचवा, तो देईल आपणहून. मी घसा खाकरला. “आगा,” मी म्हणालो, “चहा थंड होतोय.”

तूबा खानमने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी मेलो तरी विसरणार नाही. पण बाई हुशार. त्यांनी लगेच दाराचा नियमही शिकवून टाकला. दारातून आपण आधी जायचं नाही, दुसऱ्याला “आधी आपण” म्हणायचं, आणि तो म्हणाला “छे, आधी आपण” तर मुळीच ऐकायचं नाही. शमशादने सगळं लिहून घेतलं आणि देशभरच्या वरच्यांना कळवलं.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या तळावर पाळी बदलायची वेळ झाली. चाळीस जण बाहेर, चाळीस जण आत, मध्ये दार. “आधी आपण.” “छे, आधी आपण.” “आपण ज्ञानाने थोर.” “आपण वयाने.” दुपार झाली, ऊन डोक्यावर आलं, कुणी हलेना. नळीचं यंत्र बघायला कुणी नव्हतं, ते घरघरून बंद पडलं, आणि कारेझला पाणी आलं! काय सांगू तुम्हाला! बायका पदर खोचून पाटात उतरल्या, बरातअली एका डोळ्याने रडला, आणि मी पाट फोडून पाणी सोडत सुटलो, कधी याच्या बागेत, कधी त्याच्या. रेडिओवर बातमी आली की इस्फहानला एका पुलाच्या तोंडाशी दोन हजार वरचे एकमेकांना वाट देत उभे आहेत. एका मंत्र्याने ही युक्ती आपलीच असल्याचं जाहीर केलं. म्हटलं, घे बाबा, तुझीच. पाहा, सवय जात नाही.

अकरा दिवस पाणी आलं. बाराव्या दिवशी वरच्यांनी तोडगा काढला. त्यांनी दार असलेली भिंतच काढून टाकली. दार नाही तर आधी कोण हा प्रश्नच नाही. नळी पुन्हा सुरू झाली.

आणि ते आता सभ्य झाले होते, ही त्याहून मोठी पंचाईत. ते गावात पाहुणे म्हणून येऊ लागले. जेवण वाढलं की तीनदा नको म्हणायचे आणि चौथ्यांदा पातेलं रिकामं करायचे. उठायला लागले की यजमान म्हणणार, “इतक्यात? बसा की जरा.” की बसले! माझ्याकडे शमशाद आणि आणखी तिघे दोन महिने बसले. कौकब स्वयंपाकघरात दात-ओठ खात पीठ मळायची आणि बाहेर येऊन गोड आवाजात विचारायची, “अजून थोडं वाढू?”

“कशाला विचारतेस?” मी आत जाऊन कुजबुजायचो.

“मग काय उपाशी ठेवू? दारी आलेले पाहुणे आहेत,” ती माझ्यावरच डाफरायची. “तू आधी पाणी वाटलंस, मग आता पोळ्या मोजू नकोस.”

डाळिंबं वाळली. आधी पानं गेली, मग फांद्या काडकाड मोडायला लागल्या. माझ्या आजोबांनी लावलेली झाडं होती ती. साठातली चाळीस घरं बिऱ्हाड घेऊन यज्दला गेली. करंगळीएवढी धारही आटली, आणि कारेझच्या तोंडाशी नुसता ओलावा राहिला. मी रोज सवयीने तिथे जाऊन बसायचो. वाटायला काही नव्हतं.

एवढ्यात शमशादने सांगितलं की तळ हलणार, ते पुढे तबसकडे जाणार. तूबा खानमने हार मानली नव्हती. त्या दोन महिने रोज येऊन त्याला सांगत होत्या की निघताना पाहुण्याने यजमानाला काहीतरी देण्याची रीत आहे. आदल्या दिवशी त्या मला म्हणाल्या, “उद्या तो पाणी परत देऊ करेल. मी पक्कं केलंय. तुम्ही फक्त ‘बरं’ म्हणायचं, मशदी. एक शब्द. माझी शपथ आहे.”

सकाळभर मी कौकबसमोर घोकत होतो. बरं. बरं. बरं.

उरलेलं गाव माझ्या दारात जमलं. शमशाद छातीवर हात ठेवून वाकला. “यदुल्ला आगा, आम्ही नळी काढून टाकतो. पाणी तुमचं तुम्हाला परत. एवढं घ्या.”

आणि माझं हे मेलं तोंड उघडलं. “छे, छे, आगा! काय बोलता! तुमच्याकडे राहिलं काय, आमच्याकडे राहिलं काय...”

मागून कौकबने मला चिमटा काढला.

“नाही, घ्याच,” शमशाद म्हणाला.

“लाजवता तुम्ही मला.” तिसऱ्यांदाही तो म्हणाला, तिसऱ्यांदाही मी नको म्हणालो.

आता चौथी वेळ. चौथ्या वेळी माणूस घेतो, पोरासोरांनाही ठाऊक आहे. मी छाती भरून श्वास घेतला. ‘बरं’ अगदी जिभेवर आणून ठेवलं. शमशाद माझ्याकडे बघत राहिला, मग त्याने मान लववली. “तुमची इच्छा नसताना आग्रह करणं शोभत नाही,” तो म्हणाला. “नळी राहू दे.”

आम्ही त्याला नको किती वेळा म्हणायचं ते शिकवलं होतं. घ्या किती वेळा म्हणायचं ते कुणीच शिकवलं नव्हतं. ते काय शिकवायचं असतं? तूबा खानमने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

ते गल्लीत उतरले तसा मी चप्पल न घालता त्यांच्यामागे धावलो. “घेतो! आगा, घेतो मी! द्या पाणी! पाया पडतो तुमच्या!”

शमशाद थांबला. “आता मी एवढा अडाणी राहिलो नाही,” तो मायेने म्हणाला. “माझं मन राखायला तुम्ही एवढं धावत आलात. खरंच, तुमच्यासारखी माणसं कुठे भेटली नाहीत.” आणि तो चालू लागला.

मी धुळीत बसलो. मागून पावलं वाजली. कौकब वाडगं घेऊन येत होती, त्यात हंड्याच्या तळाचं पाणी होतं. घरात तेवढंच होतं. मला वाटलं माझ्यासाठी आणलं. ती माझ्या बाजूने पुढे गेली आणि तिने ते पाणी वरच्यांच्या पाठमोऱ्या पावलांवर ओतून टाकलं. पाहुणा निघाला की असंच करतात. तिची आई करायची, आजी करायची. रिकामं वाडगं हातात घेऊन ती क्षणभर उभी राहिली, आणि आपण काय केलं ते तिला कळलं. “अगं बाई,” ती एवढंच म्हणाली.

शमशादने मागे वळून ओल्या मातीकडे पाहिलं. “हे काय?”

मग तूबा खानमने, शाळेतल्या सवयीने, कुणी प्रश्न विचारला की उत्तर द्यायचं म्हणून, सांगून टाकलं. “गेलेला माणूस परत यावा म्हणून करतात.”

शमशादची मान निळी पडली. त्याने छातीवर हात ठेवला. “छे, कशाला त्रास,” तो म्हणाला. मग दुसऱ्यांदा म्हणाला. तिसऱ्यांदाही म्हणाला. आम्ही गप्प उभे होतो.

“बरं,” तो म्हणाला. “तुम्ही एवढं म्हणताच आहात तर येऊ.”