मागण्यांच्या यादीतला आमोस

नाताळ सरला म्हणून जामखेडकडच्या त्या वस्तीतले ख्रिस्ती लोक गप्प बसत नसत. जानेवारीचा पहिला आठवडा प्रार्थनेचा. रोज दिवस कलला की एकेका घरी जमायचं, गायचं आणि मास्तरांनी यादी वाचायची. यादीचे दोन भाग. आधी मागण्या : कुणाचा ताप उतरू दे, कुणाचं बाळंतपण सुखरूप होऊ दे, उसाला गेलेली माणसं धडधाकट परत येऊ देत. मग उपकार. प्रभूकडे गेलेल्यांची नावं तिथं यायची. मेलेल्यासाठी देवाकडं काही मागायचं नाही, नुसते आभार मानायचे, हा मंडळीचा नियम. घरी पोचलेल्या माणसाला वाट कशाला दाखवायची?

दयाबाईचा आमोस मागण्यांत होता. एकेचाळीस साली तो पलटणीत गेला, बेचाळीसमध्ये मलायात बेपत्ता झाल्याचा कागद आला, तरी दर जानेवारीत त्याचं नाव मागण्यांत निघे. मग लढाई संपली. आसपासची दोन पोरं परत आली. आणि पंचेचाळीसच्या नाताळाआधी आठवडाभर दुसरा कागद आला : मयत समजण्यात यावे.

"समजावं म्हंजी काय, मास्तर?" दयाबाईनं विचारलं. "म्येला आसता तर म्येला म्हनले आसते. सरकारला तरी कुठं ठावं हाय?"

प्रभुदास मास्तर शाळा शिकवायचे आणि उपासनाही तेच चालवायचे. दयाबाईच्या मयत नवऱ्याचे ते जिवाभावाचे मित्र. आमोसच्या हातात पहिली पाटी त्यांनीच दिली होती.

"वहिनी, मंडळीच्या पंचांनी ठरवलंय," ते खाली बघत म्हणाले. "यंदा आमोस उपकारांत."

"लाजर चार दिस कबरंत हुता, तरी प्रभूनं त्याला जित्ता उठिवला. तवा प्रभूनं पंचांस्नी इचारलं व्हतं का?"

"लाजराची कबर तरी ठाऊक होती, वहिनी," मास्तर बोलून गेले आणि लगेच त्यांनी जीभ चावली. पण सुटलेला शब्द काही परत घेता येत नाही.

दयाबाईनं भांडण केलं नाही. तिनं खोकायला सुरुवात केली. सोमवारी उपकारांत आमोसचं नाव येताच तिला खोकल्याची अशी उबळ आली, की नाव कुणालाच ऐकू गेलं नाही. मंगळवारी ठसका लागला. बुधवारी तिची जाऊ लिडिया बिचारी अडुळशाचा काढा घेऊन आली. दयाबाईनं तो मुकाट्यानं प्यायला आणि गुरुवारी दुप्पट जोरानं खोकली. लोक काय समजायचं ते समजले. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. हसलं कुणीच नाही.

शनिवार दयाबाईच्या घरचा. ज्या घरी बैठक, त्या घरच्या बाईनं शेवटची प्रार्थना करायची, असा रिवाज. आता ती काय मागते, याच्याकडं सगळ्यांचे कान लागले. मागणं केलं तर नियम मोडतो, आणि आभार मानले तर लेक जातो.

दयाबाई गुडघ्यावर आली. पदर डोक्यावर ओढून घेतला.

"बापा, माजं लेकरू कुठं हाय मला ठावं न्हाई. तुला हाय. वाटंत आसंल तर घरला लाव. लई उशीर झालाय. आन..." ती थांबली. "आन तुज्याकडंच आलं आसंल, तर त्याला जेवाया वाढ. आज शेंगोळी केल्यात. त्याला लई आवडत्यात. पर भिडस्त हाय, दुसऱ्यांदा मागून घेत न्हाई. तूच बघून वाढ."

आमेन कुणी म्हणेना. मेलेल्यासाठी मागणं झालं होतं, तेही जेवणाचं. सगळ्यांनी मास्तरांकडं पाहिलं.

"आमेन," ते म्हणाले. मग सगळं घर म्हणालं.

दयाबाईचं तिकडं लक्षच नव्हतं. 'तुज्याकडंच आलं आसंल' हे तिचंच बोलणं तिच्या कानात घुमत होतं. इतकी वर्षं तिनं हे कुणाला बोलू दिलं नव्हतं, आणि आज आपल्याच तोंडानं देवाला सांगून बसली होती. तिनं शेणानं सारवलेल्या भुईला कपाळ टेकलं आणि हंबरडा फोडला. लिडिया तिला उठवायला पुढं झाली.

"राहू दे," मास्तर म्हणाले. "पहिला कागद आल्यापासून रडल्या नव्हत्या त्या."