चौथ्या डावातला फटका

"बाबा, लागला!" रसेल टोलेफसन भिंतीवरच्या फोनमध्ये ओरडला. "सरळ दोन फील्डरांच्या मधून काढला. पहिल्या बेसवर उभा होतो मी!"

"अगं मार्ना, ऐकलंस का? लागला पोराचा!" तिकडे नॉर्थ डकोटात म्हाताऱ्याने सगळं घर डोक्यावर घेतलं.

आठ वर्षं छोट्या गावांच्या संघांतून बसचे धक्के खाऊन रसेल बेसबॉलच्या सगळ्यात मोठ्या लीगमध्ये आला होता, तोही नेहमीच्या खेळाडूचं, बेनीचं, बोट मोडलं म्हणून. दुसऱ्या बेसवर त्याने चेंडू चांगले अडवले, पण बॅट काही बोलेना. आज मिलवॉकीत, चौथ्या डावात, एकदाची बोलली, या लीगमधला त्याचा पहिलाच फटका, आणि लगेच आभाळ फाटलं. खेळ थांबला, तसा तो फोनकडे धावला होता. बाकी मंडळी आत पत्ते कुटत बसली.

शेवटी पंचांनी सामना रद्द केला.

"गेलं सगळं मुसळ केरात," संघातला जुना कॅचर ओटिस पत्ते पिसत म्हणाला.

"म्हणजे?"

"पाच डाव कुठे झाले राजा? त्याआधी पावसाने थांबला की सामना पुन्हा पहिल्यापासून. आजचं काहीच धरत नाहीत."

"आणि माझा फटका?"

"कुठला फटका?" ओटिस हसला. मग रसेलचं तोंड पाहून त्याने मान खाली घातली. "वाईट झालं रे."

रसेलला रडू यायला हवं होतं, निदान राग तरी. काहीच आलं नाही. तो बुटाच्या नाड्या सोडत बसला.

तेवढ्यात मॅनेजर डॉयलने त्याला खोलीत बोलावलं. "बेनी उद्यापासून खेळतोय. तू सकाळच्या विमानाने परत खालच्या लीगमध्ये, ओमाहाच्या संघात जा. तिथे चांगला खेळ, मग बघू."

रसेल तिशीला आला होता. 'बघू' म्हणजे काय ते त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

त्याने पुन्हा घरी फोन लावला.

"बाबा, सामना रद्द झाला. तो फटका धरला नाही त्यांनी."

"एवढंच ना? मला वाटलं हात मोडून घेतलास. अरे, पाऊस काय रोज पडतो? उद्या मार परत! मी शेजारच्या ओलेलाही बोलावतो. रेडिओ लावूनच बसतो आम्ही."

"बाबा, उद्या..."

"काय उद्या?"

मागे फोनसाठी रांग लागली होती. "आटप रे," कुणीतरी म्हणालं, "आम्हालाही बायका आहेत."

"काही नाही," रसेल म्हणाला. "लावा रेडिओ."

त्याने फोन ठेवला आणि मागच्याला वाट दिली.