बोटं तपासण्याचे पंधरा गुण

सिस्टर अपघात विभागात बावीस वर्षं ड्रेसिंग करत होत्या, आणि त्यातली नऊ वर्षं स्काऊट-गाईड पथकाच्या वार्षिक स्पर्धेत प्रथमोपचाराच्या परीक्षक होत्या. तंबू उभारणीचे परीक्षक मुलांना हळूच खुंट्या ठोकू लागायचे, स्वयंपाकाचे परीक्षक करपलेलं चाखूनही मान डोलवायचे. सिस्टरांच्या टेबलापाशी मात्र कुणाची डाळ शिजत नसे.

गुणपत्रिकेतला एक रकाना त्यांनी भांडून घालून घेतला होता. पट्टी बांधून झाली की जखमीच्या बोटांची टोकं बघायची, गार पडलीत का, मुंग्या येतायत का ते विचारायचं. शंभरातले पंधरा गुण त्याला. पथकाच्या स्काऊटमास्तरांना ते फार वाटले होते. तेव्हा सिस्टरांनी त्यांना एका गवंड्याची हकिगत सांगितली. सोबत्यांनी मायेपोटी त्याच्या हाताला करकचून पट्टी बांधली, दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आणला, आणि त्याची दोन बोटं काढून टाकावी लागली. मास्तरांनी पुढे चकार शब्द काढला नाही.

यंदा तुकड्यांची यादी हातात आली आणि सिस्टरांची नजर एका आडनावावर अडकली. ते आडनाव सहा वर्षं त्यांनीही लावलं होतं. त्यांचा नवरा मोजणी खात्यात होता. चौदा वर्षांपूर्वी एका सकाळी तो घर सोडून दुसरीकडे राहायला गेला. भांडण नाही, तंटा नाही. जाताना कपड्यांच्या आधी त्याने मोजणीची तिपाई उचलली होती, एवढं त्यांना लख्ख आठवत होतं. यादीतली मुलगी तेरा वर्षांची होती. चौदातून तेरा ही वजाबाकी करायला सिस्टरांना कागद लागला नाही.

यंदा दुसरं कुणी बघा, असं मास्तरांना सांगावं असं त्यांच्या मनात आलं. पण कारण विचारलं असतं, आणि चौदा वर्षं झाकलेलं परत उघडं पडलं असतं. त्या गेल्या.

शाळेच्या मैदानावर दुपारी प्रथमोपचाराची फेरी झाली. जखमीचं सोंग घ्यायला दोन मोठी मुलं होती, ती इतकी विव्हळत होती की बघणाऱ्या आया हसत होत्या. प्रत्येक तुकडीला एकच प्रश्न: कोपराखाली हाड मोडलंय, मनगटातून रक्त वाहतंय, दहा मिनिटांत काय कराल?

शेवटी चुरस दोन तुकड्यांत उरली. एकीची प्रमुख होती मोजणीदाराची लेक. पोरीचा हात झरझर चालत होता. रक्तावर दाब, फळी, गाठी, झोळी, सगळं सहा मिनिटांत, आणि तेही सुबक. वडिलांसारखीच ती काम करताना खालचा ओठ दाताखाली धरत होती. सिस्टरांनी मुद्दाम कागदाकडे पाहिलं. झोळी बांधून झाल्यावर पोरीने सलाम ठोकला आणि "झालं" म्हणाली. बोटं बघितली नव्हती. पट्टी घट्ट होती, सोंग घेतलेला मुलगा नकळत बोटं हलवून बघत होता.

दुसऱ्या तुकडीच्या प्रमुखाला सगळे पेन्सिल म्हणत. तशीच होती, उभी आणि बारीक. तिला एक गाठ दोनदा सोडून बांधावी लागली आणि नऊ मिनिटं गेली. पण झोळी झाल्यावर ती जखमीसमोर गुडघ्यावर बसली, त्याचं एकेक नख दाबून सोडलं आणि परत लाल होतंय का ते बघितलं. करंगळी गार लागली तशी तिने पट्टी सैल केली, पुन्हा बघितलं आणि मगच सलाम केला.

सिस्टर टेबलाशी बसून बेरीज करू लागल्या. पेन्सिलचे एक्याण्णव झाले. मोजणीदाराच्या लेकीचे एकोणऐंशी. तिचा बोटांचा रकाना अजून कोरा होता, तिथे शून्य भरायचं बाकी होतं.

तेवढ्यात टेबलावर सावली पडली. तो समोर उभा होता. केस पांढरे झाले होते, बाकी तोच.

"तिला माहीत आहे तू कोण ते," तो म्हणाला. "मी सांगितलंय तिला, कमी गुण मिळाले तर वाईट वाटून घेऊ नकोस. तुला जे द्यायचं ते दे. मी काही मनात धरणार नाही."

तो अगदी समजूतदारपणे बोलला, म्हणून ते जास्त झोंबलं. म्हणजे घरी बसून यांनी ठरवूनही टाकलं होतं की सिस्टर सूड काढणार, आणि वर उदार मनाने माफही करून टाकलं होतं. तो गेल्यावर त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि कोऱ्या रकान्यात पंधरा लिहिलं. बेरीज चौऱ्याण्णव झाली. त्या क्षणी त्यांना छान वाटलं, तेही खरं. बघ म्हणावं, मी कोण आहे ते.

सभागृहात बक्षीस समारंभ झाला. प्रथमोपचाराचा चषक परीक्षकांच्या हस्ते द्यायची पद्धत होती. मोजणीदाराची लेक टाळ्यांच्या गजरात मंचावर आली. चषक धरताना तिने सिस्टरांकडे सरळ बघितलं आणि दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, "बोटं बघायची राहिली होती माझी."

"घे," सिस्टर म्हणाल्या.

पोरीने चषक घेतला. फोटोत सगळे हसले, ती हसली नाही.

खाली उतरल्यावर मास्तरांनी सिस्टरांचा हात हातात घेतला. काहींना ते जुनं नातं ठाऊक होतं म्हणे, आणि सिस्टरांनी केवढं मन मोठं केलं याची मागच्या रांगेत चर्चा चालली होती. मोजणीदाराची बायको लांबून हात जोडून गेली. सिस्टरांना वाटलं, आता घरी जावं आणि दार लावून घ्यावं.

पण दाराशी पेन्सिल उभी होती. हातात छोटी वही, तिला दोरीने बांधलेलं पेन.

"बाई, आमचे तीन गुण कमी पडले. कुठे चुकलं तेवढं सांगता का? पुढच्या वर्षीसाठी लिहून ठेवते."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं. चूक काहीच नव्हती. एका गाठीचे पाच आणि वेळेचे चार गेले होते, पण ते सांगितलं असतं तर पोरीने लगेच विचारलं असतं, मग त्यांचे कुठे गेले? सिस्टरांच्या तोंडून बाहेर पडलं, "वेळ फार घेतलास. बोटं बघण्यात मिनिट-दीड मिनिट गेलं तुझं."

पेन्सिल जरा थांबली. मग मान डोलावून तिने ते वहीत लिहिलं, शब्द न् शब्द, आणि "थँक यू बाई" म्हणून निघून गेली.

त्या आठवड्यात ड्रेसिंग करताना सिस्टर दोनदा चुकल्या. शेवटी त्यांनी मास्तरांना फोन करून खरं काय ते सांगितलं. मास्तर म्हणाले की निकालाची यादी वर पाठवून झाली आहे, पोरीचा फोटोही छापून आलाय, आता चषक परत मागायचा तर दोन घरांत आग लागेल, आणि लोक तुम्हालाच नावं ठेवतील. झालं गेलं सोडून द्या.

शनिवारी सिस्टर पथकाच्या सरावाला गेल्या. पेन्सिल एकटीच भिंतीपाशी दोराला गाठी मारत बसली होती. सिस्टर तिच्याजवळ बसल्या आणि काही न लपवता सांगून टाकलं: तू जिंकली होतीस. बोटं बघणं हेच बरोबर होतं, वहीत लिहिलंस ते खोडून टाक. गुण मी चुकीचे भरले, आणि मुद्दाम भरले.

पेन्सिलने ऐकून घेतलं. हातातली गाठ पुरी केली.

"मग चषक?" तिने विचारलं.

"तो आता बदलता येणार नाही."

"सगळ्यांना सांगणार आहात?"

सिस्टर दोराचं सुटलेलं टोक सरळ करत राहिल्या.

"मग मला कशाला सांगितलंत, बाई?" पोरगी म्हणाली. रागावून नाही, खरंच कळत नसल्यासारखं. "मला वाटत होतं मी हळू आहे. आता घरी जाऊन काय सांगू?"

तिने दोर गुंडाळला आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, जिथे बाकीच्या मुली होत्या, तिकडे चालत गेली. सिस्टर तिथेच बसून राहिल्या. मास्तर लांबून बघत होते, पण जवळ आले नाहीत.

पुढच्या वर्षी परीक्षक म्हणून पत्र आलं तेव्हा सिस्टरांनी कळवलं की त्या दिवशी ड्यूटी आहे. ड्यूटी नव्हती. तो रविवार त्यांनी घरातल्या कपाटांचे कप्पे पुसण्यात घालवला.