कोलूतलं चाक

नवरात्रात कोलूच्या, म्हणजे बाहुल्यांच्या आराशीच्या, पायऱ्यांवर एकदा बसवलेली बाहुली विजयादशमीपर्यंत हलवायची नाही, हा विशालाक्षीबाईंच्या घरचा नियम. तंजावर सोडून मैलापुरात येऊन तीन पिढ्या झाल्या, बोलण्यातली मराठी अर्धी तमिळ झाली, पण हा नियम काही तसूभर ढळला नाही. एका वर्षी कागदी लगद्याच्या वाणी-बाहुल्याचं नाक उंदराने खाल्लं, तर तो बिचारा नकटाच नऊ दिवस मांडी ठोकून बसला होता.

यंदा त्यांच्या धाकट्या मुलाने, उमाकांतने, सगळ्यांत वरच्या पायरीवर, देवीच्या पाठीशी एक चाक बसवलं. पत्र्याचं, पाकळ्यांसारख्या फटी पाडलेलं. मागे मोठा दिवा, आणि चाक फिरवायला जुन्या टेबलफॅनची मोटर. बटण दाबलं की देवीच्या मागून उजेड नुसता फडफडत सुटायचा, पिंजऱ्यात पाखरू सापडल्यासारखा. अख्खी गल्ली बघायला लोटली. उमाकांतची छाती फुगली.

तिसऱ्या संध्याकाळी सुंदरी चाकासमोर बसली होती. सुंदरी म्हणजे थोरल्या सुनेची, कनकाची, सहा वर्षांची एकुलती एक पोर. बघता बघता तिचे डोळे वर गेले, हातपाय झटके देऊ लागले, तोंडाला फेस आला.

"अय्यय्यो, अम्मन आली! पोरीत देवी आली!" शेजारच्या अलमेलू मामी किंचाळल्या.

कापूर पेटला, लिंबं आली. बायका पोरीच्या पायांवर डोकी ठेवू लागल्या. आणि कनकाने, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकलेल्या कनकाने, त्या गलबल्यात क्षणभर हात जोडले. ते तिला पुढे कधी विसरता आलं नाही.

मग अलमेलू मामींनी सुंदरीच्या ओठांवरचा फेस बोटाने टिपला, तळहातावरच्या कुंकवात कालवला आणि कपाळाला लावला. "तीर्थ गे, तीर्थ!" मागून दुसरीने बोट पुढे केलं. मग तिसरीने. कनका धावत मोरीत गेली आणि ओकली. बाहेर आली तेव्हा पोर ओल्या कपड्यांत ग्लानीत पडली होती, आणि एक बाई तिच्या कानाशी लागून विचारत होती, "अम्मा, दिराशी कोर्टात जाऊ की नको?"

"ताक," सुंदरी पुटपुटली. तिला तहान लागली होती.

"ताक म्हणाली! थंड राहा म्हणते! कोर्ट नको!" आणि ती बाई समाधानाने सुंडलचा द्रोण घेऊन, चणे चघळत घरी गेली.

चौथ्या दिवशी तेच, पाचव्या दिवशी तेच. कनका खांबाला टेकून बघत राहिली. आरती झाली, गाणी झाली, कापूर जळला, पोर टुणटुणीत. चाक सुरू झालं की दोन मिनिटांत पोर आडवी. सहाव्या दिवशी वीज गेली. समयांच्या उजेडात देवी काही आली नाही, आणि बायका अशा हिरमुसून परतल्या की जणू जेवायला बोलावून कुणी उपाशी धाडलं.

सातव्या दिवशी सकाळी, देवळाला जाते सांगून, कनकाने लेकीला डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"फडफडत्या उजेडाने काही मुलांना फेफरं येतं," बाई म्हणाल्या. "तो उजेड आधी बंद करा. ही गोळी रोज. झटका आला तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका."

"आणि बंद नाही झाला तर?"

"आतापर्यंतचे झटके आपोआप थांबले. एखादा थांबणार नाही."

घरी येऊन तिने सांगितलं. विशालाक्षीबाई कनकाच्या सख्ख्या आत्या, आता सासू. त्यांनी गोळ्यांची पुडी उचलली आणि मोरीत रिकामी केली.

"देवीला गोळ्या घालतेस? बी.एस्सी. झालीस म्हणून? आणि चाक कोलूत बसलंय, कनका. बसलेलं हलत नाही."

"मग नुसतं फिरवू तरी नका!"

"वैनी, तुला मेलीला कौतुकच नाही," उमाकांत म्हणाला. "मोटर माझी, पण बोलावणं देवीचं."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. चंद्रमौळी जॉर्ज टाउनमधल्या एका कचेरीत कारकून होता, आणि घरातही कारकुनासारखाच वागायचा. "दोनच दिवस राहिलेत गे," तो वर्तमानपत्रामागून म्हणाला. "दोन दिवसांत काय होतंय?"

ह्याच्या ताटात आपण रोज वाढतो, याची कनकाला त्या घटकेला शिसारी आली. दुपारी तिने पदरात दडवलेले दोन रुपये घेऊन गोळ्या पुन्हा आणल्या आणि तांदळाच्या डब्यात लपवल्या.

अष्टमीला संध्याकाळी तिने सुंदरीला आतल्या खोलीत घालून दाराला कडी लावली. बाहेर बायकांची रांग जिन्यापर्यंत होती. आत पोर दारावर धक्के देऊ लागली.

"आई, सोड ना! मला चाकाकडे जायचंय!"

"डोकं दुखतं ना तुझं नंतर?"

"दुखू दे. ते बोलावतं मला. आणि मग सगळे पाया पडतात, आजी जिलेबी देते." कनकाने दाराच्या फटीतून पाहिलं. आत शिरणाऱ्या दिव्याच्या रेघेपुढे पोर बोटं पसरून भराभर हलवत होती. स्वतःच. डोळे अर्धे मिटून, खुशीत.

आता पोरीला त्या लोकांनी धरून बसवायचीही गरज उरली नव्हती.

कनका कोलूपाशी आली. कडेने स्टूल लावून वर चढली, वायर उपसली, देवीची मूर्ती बाजूला सरकवली आणि दोन्ही हातांनी चाक उखडलं. पत्रा तापलेला होता. कडांनी तळवे चिरले.

"अष्टमीला!" अलमेलू मामींनी कानांवर हात ठेवले.

"खाली ठेव, कनका," सासूबाई म्हणाल्या. "उद्या या घरात काही भलतंसलतं झालं तर?"

"होतंच आहे, आत्या. रोज साडेसहाला होतंय. तुम्ही सुंडल वाटताय."

उमाकांत पुढे झाला. त्याचा हात पोचायच्या आत तिने खाली उतरून चाक कोपऱ्यातल्या दगडी रगड्यावर आपटलं, वर पाय दिला आणि पार दुमडून टाकलं. चंद्रमौळीने वर्तमानपत्र खाली ठेवलं, एवढंच.

तिने कडी काढली. सुंदरीने मोडलेलं चाक पाहिलं आणि आईच्या पोटावर बुक्क्या मारू लागली. "तू घाण आहेस! माझं चाक! तू घाण आहेस!"

"असू दे," कनका म्हणाली आणि तिला उचलून दाराकडे निघाली. बायकांनी सवयीने वाट दिली. त्यातली एक, हातात लिंबू घेतलेली, वाकली आणि पोरीच्या पावलाकडे हात नेऊन हळूच म्हणाली, "मी दुपारपासून उभी आहे गे. एकदाच."

कनकाने पोरीचे पाय पदराखाली ओढून घेतले आणि जिना उतरली.