पायरीचा नेम

“ठेव आणि ये. दार वाजवायचं नाही, मागे वळून बघायचं नाही.”

सासूबाई हे सांगत तेव्हा त्यांच्या हातात सुतळी असायची. पुडक्याला दोन वेढे, वर एक फास, फासाचं टोक आत दुमडलेलं. ओढलं की चटकन सुटावी, पण कुणी ओढेपर्यंत जागची हलू नये, अशी ती गाठ. आमच्या मंडळीत तशी गाठ आता मी एकटीच मारते.

मंडळी आमची लहान. चर्चच्या बाकांवर दाटीवाटीने बसलो तर शंभर माणसं, एरवी साठ. नाताळच्या आधीचे चार आठवडे आमच्याकडे पायरीचा नेम असतो. जमेल ते पुडक्यात बांधायचं, उजाडता उजाडता एखाद्या गरजवंताच्या पायरीवर ठेवायचं आणि निघून यायचं. कुणी ठेवलं ते विचारायचं नाही, आपण ठेवलं हे सांगायचं तर मुळीच नाही. सासूबाईंनीच हा नेम घालून दिला. त्यांना जाऊनही आता बारा वर्षं झाली.

मला नेमांची सवय आहे. पहाटे एक स्तोत्र वाचल्याशिवाय मी कुणाशी बोलत नाही, आणि त्या चार आठवड्यांत पुडकं ठेवून आल्याशिवाय चहा घेत नाही. आमचे हे पोस्टमन होते. तीस वर्षं लोकांची दारं वाजवून निवृत्त झाले. त्यांना पायरीचा नेम कधी रुचला नाही. “दारापर्यंत जायचं आणि दार वाजवायचं नाही! आमच्या खात्यात असं केलं असतं तर घरी बसवलं असतं,” असं म्हणतात आणि पुन्हा पांघरुणात शिरतात.

या वर्षी माझी पायरी ठरलेलीच होती. टेलरबाईची.

वीस वर्षांची आमची मैत्री. तिचं दुकान म्हणजे तिच्याच घराची पुढची खोली. खिडकीशी तिचं मशीन, पाठीमागे तिच्या नवऱ्याचं इस्त्रीचं टेबल. ही शिवण संपवायची आणि मागे न बघता खांद्यावरून कपडा मागे टाकायची. तो झेलायचा. वीस वर्षांत कपडा खाली पडलेला मी पाहिला नाही. तो गायनमंडळात खालच्या पट्टीत गायचा. आठ महिन्यांपूर्वी दोन दिवसांच्या दुखण्यात तो गेला. तेव्हापासून टेलरबाई उपासनेला माझ्या शेजारी बसेनाशी झाली. शेवटच्या बाकावर बसायची आणि शेवटचं गीत सुरू झालं की निघून जायची. मला वाटलं, बाईला एकटं राहायचं असेल. दुःखात माणसाला एकटं सोडावं, असं मीच मला समजावलं.

म्हणून मी पुडकी ठेवत गेले. लोकरीचे मोजे, सूपची बरणी, पीठ, मनुका. एका सकाळी बरणी ठेवून वळते न वळते तोच आतून कडी वाजली. मी झटकन भिंतीच्या आड झाले. दार उघडलं.

“कोण आहे?” टेलरबाईने विचारलं.

मी श्वास धरून उभी राहिले. नेम म्हणजे नेम. ती बराच वेळ दारात उभी होती. मग पुन्हा म्हणाली, “कुणी आहे का?” आणि दार लागलं. घरी आल्यावर मला, खरं सांगायचं तर, जरा अभिमानच वाटला. इतकं जवळून निसटले आणि नेम मोडू दिला नाही!

नाताळला नऊ दिवस उरले असताना एका सकाळी मी पुडकं घेऊन निघाले, तर आमच्याच पायरीवर एक पुडकं. दोन वेढे, वर फास, टोक आत दुमडलेलं. माझीच गाठ. उघडायची गरजच नव्हती, तरी उघडलं. राखाडी मोजे. टाच विणताना मी एक टाका जास्त घेते, तोही जागच्या जागी होता.

“आलं का टपाल परत?” हे खिडकीतून म्हणाले. “पत्ता चुकला असेल, नाहीतर घेणाऱ्याने नाकारलं.”

“तुम्हाला सगळ्याची थट्टाच सुचते,” मी म्हटलं, पण मोजे हातातून खाली ठेववेनात. दिलेलं परत करावं इतकं काय माझं चुकलं?

त्याच दिवशी सकाळी चर्चची साफसफाई होती. मी बाकं पुसत होते. बेकरीवाल्या वहिनी खिडकीत कागदी चांदण्या टांगत होत्या, घंटावाले काका समया घासत बसले होते आणि पाळकीणबाई, म्हणजे आमच्या पाद्रीसाहेबांच्या पत्नी, वेदीवरच्या कापडाला इस्त्रीच नाही म्हणून वैतागल्या होत्या.

“एक गंमत सांगू?” वहिनी शिडीवरून म्हणाल्या. “आज माझ्या पायरीवर मध आला. माझ्याच दुकानातला! झाकणावर माझ्याच हातची चिठ्ठी.”

पाळकीणबाईंनी कापड खाली ठेवलं. “आमच्याकडे मफलर आला. मीच विणलेला. मधे एक वीण चुकली आहे, ती मी कुठेही ओळखेन.”

“एकच चुकली?” काका म्हणाले. “मग तो तुमचा नसेल.”

हसणं ओसरल्यावर कुणीच कुणाकडे बघेना. प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न आणि तो विचारायचा नाही असा नेम. शेवटी वहिनीच शिडीवरून उतरल्या. “मोडला तर मोडला नेम. देव मला माफ करेल, तुम्ही नाही केलंत तरी चालेल. मी तो मध टेलरबाईला ठेवला होता.”

“मीही,” पाळकीणबाई म्हणाल्या.

“मीही,” मी म्हटलं.

“मी लाकडं ठेवली होती,” घंटावाले काका म्हणाले. “भारा परत आला. त्यात एक ओंडका माझ्याने फुटला नव्हता. तो तिने फोडून पाठवलाय.”

मग साफसफाईला आलेले बाकीचेही जवळ जमले आणि एकेक नाव निघत गेलं. मोजून बघितलं तर साठ जणांच्या मंडळीतल्या तेवीस घरांनी एकाच पायरीवर पुडकी नेऊन ठेवली होती. मफलरच अकरा! वहिनींना हसू आवरेना. “अगं, एका गळ्याला अकरा मफलर! बिचारी श्वास कशी घेत असेल?”

पाळकीणबाई मात्र हसल्या नाहीत. “ती चाललीय,” त्या म्हणाल्या. “काल पाळकसाहेबांना चिठ्ठी पाठवली. नाताळच्या दुसऱ्या दिवशी भाऊ गाडी घेऊन येतोय. मशीनसकट सगळं हलवणार, कायमचं. मला वाटलं, तुम्हाला तरी ठाऊक असेल.” हे त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या.

“मला काही बोलली नाही ती.”

“शेवटचं कधी भेटलात तिला?”

मी पुन्हा बाक पुसायला लागले. तिच्या दारापर्यंत मी गेल्या तीन आठवड्यांत एकोणीस वेळा गेले होते.

दुपारी जेवताना ह्यांना सगळं सांगितलं. कुठल्या पायरीवर काय ठेवलं हे नवऱ्यालाही सांगायचं नसतं, तेही सांगितलं. आता थट्टा करतील म्हणून मी वाट बघत होते, पण त्यांनी पाण्याचा पेला नुसता फिरवत ठेवला.

“आई संध्याकाळी कुठे जायची, आठवतं तुला?” ते म्हणाले.

“फिरायला जायच्या.”

“फिरायला? गुडघे दुखायचे तिचे! सकाळी जिथे पुडकं ठेवायची, संध्याकाळी त्याच घरी जाऊन बसायची. रिकाम्या हाताने. तासभर बसायची, त्यांच्या घरचा चहा प्यायची, त्यांचीच गाऱ्हाणी ऐकायची. पुडक्याचा विषय दोघांकडूनही निघायचा नाही. दार वाजवू नको, असं ती सकाळपुरतं म्हणायची. तू तेव्हा दोन लहान लेकरांत अडकलेली, संध्याकाळी तुला कुठे उसंत होती बघायला? तू सकाळ तेवढी उचललीस आणि तुझं बघून सगळ्यांनी.”

“हे तुम्ही आज सांगताय?”

“तू पहाटे बोलत नाहीस आणि दिवसभर ऐकत नाहीस. सांगू कधी?”

मी ताट तसंच ठेवलं आणि चप्पल पायात सरकवली.

टेलरबाईच्या पायरीवर त्या दिवशी नवीन तीन पुडकी होती. त्यांना ओलांडून मी दाराशी उभी राहिले. हात वर केला आणि तो तिथेच राहिला. इतक्या वर्षांत या दिवसांत मी एकही दार वाजवलं नव्हतं. उघडल्यावर बोलायचं काय? पुडकं ठेवायला धीर लागत नाही. रिकाम्या हाताने उभं राहायला लागतो.

वाजवलं. दोनदा वाजवावं लागलं.

“आलीस?” दार उघडून ती म्हणाली. “मला वाटलं, ठेवून जाशील.”

आत खोलीत खोकी उभी होती. मशीनवर चादर बांधलेली. भिंतीशी मफलर, बरण्या, पिठाच्या पिशव्या ओळीने मांडलेल्या, आणि प्रत्येकीवर एका घराचं नाव. कुणाकडे काय परत जायचं ते तिने लिहूनच ठेवलं होतं. फक्त इस्त्रीचं टेबल होतं तसं होतं. इस्त्री उभी, तिच्यावर धुळीचा पातळ थर. शेजारी नाताळच्या नाटकातल्या देवदूतांचे नऊ पांढरे झगे, शिवून तयार, चुरगळलेले.

“तुला कसं कळलं, कुठलं पुडकं कुणाचं?” मी विचारलं.

“वीस वर्षं तुम्हा सगळ्यांची मापं घेतलीत मी. कोण कसं शिवतं, कसं बांधतं, मला नको कळायला?” ती खोक्यावर बसली. “आणि तू त्या दिवशी भिंतीच्या आड होतीस.”

मी मफलरांच्या ओळीकडे बघू लागले.

“तुझ्या झग्याचं टोक दिसत होतं. मीच शिवलेला तो, काठ मला पाठ आहे. वाटलं, हाक मारावी. मग म्हटलं, बाईचा नेम आहे, माझ्यामुळे कशाला मोडायचा?”

“हाक मारायची होतीस गं.”

“तू उत्तर द्यायचं होतंस.”

तिने खोक्यावरची दोरी ओढून घट्ट केली. मग तीच म्हणाली, “तुम्ही सगळे चांगलेच आहात. वाईट असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. सकाळी सहाला चहा टाकते. हात आपोआप दोन कप काढतो. एक परत ठेवते. मग दार उघडते तर पायरीवर मफलर. मफलराशी काय बोलू? भावाकडे निदान त्याच्या बायकोशी खटके उडतील. कुणीतरी तोंडावर बोलेल.”

मी उठले, इस्त्रीवरची धूळ रुमालाने पुसली आणि ती तापत ठेवली. पहिला झगा टेबलावर पसरला. ती बघत राहिली. बाही झाली, गळा झाला, आणि मग मला खालच्या चुण्या जमेनात. एक सरळ केली की दुसरी मोडायची.

“अगं, देवदूत आहे तो, भजी नाही!” ती शेवटी ओरडली. “पाणी शिंपड! असं नाही, बोटांनी. सरक तिकडे.”

तिने इस्त्री हातात घेतली. आठ महिन्यांत पहिल्यांदा. एक झगा पुरा केला, आणि तो उचलून मागे न बघता खांद्यावरून टाकला. टाकल्यावर तिच्या लक्षात आलं आणि ती तशीच थिजली.

मी झेलला होता. कसाबसा, एका बाहीला धरून, पण झेलला होता.

ती रडली. मीही रडले. मग उरलेले आठ झगे आम्ही केले, त्यातले दोन माझ्या हातून खाली पडले आणि तिने मला त्याबद्दल घालूनपाडून बोलून घेतलं. माझा जीव निवला.

निघताना मी म्हटलं, “उद्या सहाला येते. तो दुसरा कप बाहेर राहू दे.”

“नाताळपर्यंत?”

“माझे नेम तुला माहीत आहेत. सुरू केला की सोडत नाही.”

“आणि भावाची गाडी?”

“ते तू ठरव. मी फक्त येणार आहे.”

तिने मशीनवरच्या चादरीची एक गाठ सोडली, पुन्हा बांधली, पुन्हा सोडली. “बोलायला काय जातं,” ती म्हणाली. “आधी उद्या ये. परवाचं परवा. भावाला तोवर कळवते की थांब, अजून बघतेय. आणि जाताना त्या वहिनींना सांग, मफलर मोजून हसल्या म्हणे. त्यांना म्हणावं, हसायचं तर इथे येऊन हसा.”

“हे तुला कुणी सांगितलं?”

“काका आले होते, तुझ्या आधी. दार वाजवून,” ती म्हणाली. “दिवसाचा पहिला मान त्यांचा, तुझा नाही.”

दुसऱ्या दिवशी मी नेहमीच्या वेळी उठले. स्तोत्र वाचलं. बाहेर अजून निळसर होतं, बेकरीच्या धुराड्यातून धूर निघू लागला होता. हे जागेच होते.

“पुडकं?” त्यांनी विचारलं.

मी दोन्ही हात उघडून दाखवले. रिकामे.

“दोनदा वाजव,” ते उशीवरून म्हणाले, “आणि मधे एक श्वास घे. एकदाच वाजवलं तर माणसाला वारा वाटतो. तीनदा वाजवलं तर वाईट बातमी. तीस वर्षांचा अनुभव आहे.”

मी मान हलवली, राखाडी मोजे पायात चढवले आणि दार हळूच ओढून घेतलं. सहाला दहा कमी होते. टेलरबाईच्या स्वयंपाकघरात दिवा लागला होता.