मागच्या सीटवर सासरे

रीताला स्कूटर चालवता आली तर सर्वांत मोठा फायदा होणार होता तिच्या सासऱ्यांचा, भाऊसिंगांचा. सकाळी सुनेला मोटारसायकलवर आरोग्य उपकेंद्रात सोडा, दुपारी वस्त्यांवर फिरवा, संध्याकाळी परत आणा, हे सगळं सुटणार होतं. धनज गावच्या चौकात पत्ते पिसायला अख्खी दुपार मोकळी. रीताची मात्र नर्सची नोकरीच पणाला लागली होती. उपकेंद्राच्या साहेबांनी बजावलं होतं, येत्या सोमवारपासून फिरती स्वतःच्या गाडीवर, नाहीतर कंत्राट दुसऱ्या नर्सला. नवरा करण पुण्यात कामाला. तेव्हा शिकवायला उरले भाऊसिंग.

एवढा फायदा असलेला माणूस शिकवताना काय करतो? मागच्या सीटवर बसून धोके सांगत राहतो. "पोरी, खड्डा पाह्य. म्हैस हाय तिकडं. नालीकडं जाऊन राह्यली तू." रीता आज्ञाधारक सून. खड्डा म्हटलं की खड्ड्याकडे बघे, नाली म्हटलं की नालीकडे, आणि गाडी नेमकी तिथंच जाई. पहिल्या दिवशी ती नालीत गेली. दुसऱ्या दिवशी म्हशीवर जायची, पण म्हैस शहाणी निघाली, बाजूला सरकली.

तिसऱ्या दिवशी नाल्यावरचा पूल आला. कठडे नाहीत, खाली गढूळ पाणी. भाऊसिंग म्हणाले, "काठ सांभाळ," आणि रीताची नजर काठाला चिकटली ती सुटेचना. चाक काठापासून वीतभर अंतरावर थांबलं. गाडी आडवी, आरसा फुटलेला, रीताचे दोन्ही गुडघे सोललेले. त्यानंतर तिला भाकरी थापतानाही ते पाणी दिसू लागलं. घास घशाखाली उतरेना. शनिवारी तिनं सांगून टाकलं, नोकरी नको, गाडी विकून टाका.

विकायची म्हणजे आधी आरसा बसवायला हवा. रविवारी सकाळी सासरे आणि सून गाडी ढकलत रहमतुल्ला मेकॅनिकच्या दुकानात गेले. दुकान पुलाच्या तोंडाशीच. म्हाताऱ्या रहमतुल्लांनी सगळी हकीकत ऐकून घेतली आणि पान्हा खाली ठेवला.

"पुलावर तुले काय दिसते, बेटा?"

"पानी, चाचा."

"अन् पुलाच्या पलीकडं काय हाय?"

रीताला सांगता येईना. चार वर्षं त्या वाटेनं जात होती, तरी सांगता येईना. रहमतुल्लांनी बोट दाखवलं. चुन्याचा पांढरा पट्टा मारलेला कडूनिंब होता.

"नजर जाते तिकडं चाक जाते. पानी तर राहीनच. पन तुले जायचं हाय झाडापाशी, मंग पान्याकडं कायले पाह्यतं?" मग ते भाऊसिंगांकडे वळले. "अन् भाऊ, तू गाडी नाही शिकवून राह्यला. तुही सोताची भीती तिच्या डोळ्यात भरून राह्यला."

"मी तिच्या भल्यासाठीच सांगतो ना."

"मालूम हाय. म्हनून तर तिनं ऐकलं."

रहमतुल्लांनी नवा आरसा बसवला आणि गाडी पुलाकडे तोंड करून उभी केली.

रीता एकटी गाडीवर बसली. पांढऱ्या पट्ट्यावर नजर ठेवून तिनं गाडी पुलावर घातली. अर्धा पूल झाला आणि मागून भाऊसिंगांचा सवयीनं आवाज आलाच, "रीता, काठ!" तिची नजर घसरली. नजरेबरोबर चाकही घसरलं. खाली पाणी, फक्त पाणी! पण तिनं मान वर केली, पट्टा शोधला, आणि हँडल आपोआप सरळ झालं.

कडूनिंबाखाली पोचून तिनं गाडी थांबवली. भीती गेली नव्हती. ती बरोबरच आली होती, फक्त या वेळी हँडल भीतीच्या हातात नव्हतं.

भाऊसिंग चालत निघाले. पुलाच्या मध्यावर त्यांनी खाली पाहिलं आणि त्यांचेच पाय थबकले. क्षणभरानं त्यांनीही मान वर केली आणि झाडाकडे पाहत पूल ओलांडला.

सोमवारी रीता निघाली तेव्हा त्यांचं तोंड उघडलंच होतं. शब्द गिळून ते एवढंच म्हणाले, "झाड पाह्यजो, पोरी."

वाचकहो, आपल्याही घरात अशी मागची सीट असते. परीक्षा असो की नवा धंदा, निघणाऱ्याला आपण मायेनं फक्त खड्डे मोजून दाखवतो. खड्डे खरे असतात. पण खड्ड्यांच्या मधून जाणारा रस्ताही तेवढाच खरा असतो, आणि माणूस जिकडे बघतो तिकडेच पोचतो. मुलाबाळांना आधी रस्ता दाखवा.

आता शेवटची गोळाबेरीज. एक आरसा, दोन गुडघ्यांची सालटं, तीन दिवसांची अन्नावरची वासना. हे सगळं भरलं रीतानं. भीती मात्र भाऊसिंगांची होती.