यजमान बसत नाही

सकाळी अकराला नेवेनाच्या घरच्या कॉम्प्युटरने तिला कळवलं की तिचं खातं बंद करण्यात आलं आहे. चूक तिचीच होती. काल फॅकल्टीत बसून तिने पासवर्ड बदलला, तो दर तीन महिन्यांनी बदलावाच लागतो. पण घरच्या कॉम्प्युटरला नवा सांगायचा राहिला. तो बापडा जुनाच पासवर्ड घेऊन विद्यापीठाच्या सर्व्हरचं दार ठोठावत बसला. सर्व्हरने पाच वेळा ऐकून घेतलं आणि सहाव्यांदा आतून कडी घातली.

त्या कडीच्या आत नेवेनाचा प्रबंध होता. निशावा नदीच्या गाळावर, चारशे बारा पानांचा, नकाशांसकट. घरी एक प्रत होती, पण ती ऑक्टोबरातली, परीक्षकांनी सांगितलेल्या दुरुस्त्यांच्या आधीची. आज दुपारी दोनपर्यंत दुरुस्त प्रबंध विद्यापीठाच्या पोर्टलवर चढवायचा होता. मुदत दोनदा वाढवून घेऊन झाली होती आणि तिसऱ्यांदा वाढवायची सोय नियमात नव्हती. दोन वाजले की नाव पटावरून कमी. नऊ वर्षं पाण्यात.

कडी काढू शकणारा माणूस एकच, फॅकल्टीचा नेटवर्क सांभाळणारा ल्युबिशा. त्याच्या हाताखालची जागा चार वर्षं रिकामी होती. नेवेनाने त्याला चौदा फोन केले.

"अगं, आज संत निकोला ना," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "त्यांच्या घरचा स्लावा आहे. तो पाहुण्यांचे कोट सांभाळेल की तुझा फोन घेईल?"

नेवेनाने कपाळावर हात मारून घेतला. स्लावा म्हणजे घराण्याच्या संताचा सण; नेवेनाच्या घराण्याचा संत वेगळा, त्याचा दिवस नोव्हेंबरातच होऊन गेलेला. पण निकोलाच्या दिवशी निम्मं निश शहर घरात बसतं आणि उरलेलं निम्मं त्यांच्याकडे जेवायला जातं, हे विसरायला माणूस नऊ वर्षं चिखलातच बसलेला असावा लागतो. वडिलांनी तिच्या हातात वाइनची बाटली कोंबली, कारण अशा दिवशी रिकाम्या हाताने कुणी उंबरा ओलांडत नाही, आणि ती टॅक्सीने ल्युबिशाच्या घरी, शहराच्या पांतेलेज भागात निघाली.

बाराला दहा कमी असताना ल्युबिशाने दार उघडलं. इस्त्रीचा शर्ट, खांद्यावर टॉवेल.

"दादा, मी जरा एका कामासाठी—"

"ये, ये, आधी आत तर ये. रुझा, नेवेना आली बघ."

इथेच ती फसली. स्लावाला कुणी कुणाला बोलावत नाही, आणि आलेल्याला का आलास म्हणून कुणी विचारत नाही. आपण का आलो ते सांगायला तिने तोंड उघडलं की सगळ्यांना तो संकोच वाटायचा. रुझावहिनीने शिजवलेल्या गव्हाचा, अक्रोड घातलेला प्रसाद पुढे केला. नेवेनाने छातीवर क्रूसाची खूण केली, एक चमचा खाल्ला आणि पुन्हा तोंड उघडलं, तोवर तिचा कोट गेला होता आणि तिला लांबलचक टेबलामागच्या सोफ्यावर मधोमध बसवण्यात आलं होतं. एका बाजूला ल्युबिशाच्या लग्नातला साक्षीदार तिहोमिर, कपाटासारखा रुंद. दुसऱ्या बाजूला झागोर्कामावशी, मांडीवर पर्स घेऊन. पाठीशी भिंत. बाहेर पडायचं तर पाच माणसांना उठवावं लागलं असतं.

आणि ल्युबिशा काही केल्या जवळ येईना. स्लावाला यजमान बसत नाही. सकाळपासून शेवटचा पाहुणा जाईपर्यंत तो उभ्यानेच वाढतो, ओततो, दारापर्यंत पोचवतो. त्याच्या वडिलांनी गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असतानाही खुर्चीला पाठ लावली नव्हती, हे त्या दिवशी तिला तीन जणांनी सांगितलं. टेबलाच्या टोकाला ल्युबिशाची आई, देसांकाबाई, मेणबत्तीजवळ बसून सगळ्यांच्या ताटांवर नजर ठेवून होत्या.

माशाचं सूप आलं. साडेबारा.

"दादा, माझं खातं बंद पडलंय," ती सूपच्या वाफेतून म्हणाली.

"बँकेतलं?" तिहोमिरने विचारलं.

"विद्यापीठातलं. सर्व्हरवरचं."

"मग बरंय. बँकेतलं असतं तर रडायची वेळ होती. ब्रेड घे."

ल्युबिशा केव्हाच दाराकडे गेला होता. घंटा वाजली होती, आणखी सहा जण आले होते. सोफ्यावर सगळे सरकले आणि नेवेना आणखी आत दाबली गेली. हात उचलायलाही जागा राहिली नाही. आपण इथे सूप पीत मरणार आणि कुणाला कळणारही नाही, असं तिला खरोखर वाटलं.

एकला दहा कमी असताना ती उभी राहिली. म्हणजे जमेल तेवढी उभी राहिली, कारण टेबल मांड्यांना टेकलं होतं.

"ल्युबिशादादा, दोन वाजेपर्यंत माझा प्रबंध गेला नाही तर मला काढून टाकतील. तुम्ही खातं उघडलंत तरच जाईल. मी जेवायला आलेले नाही हो."

शेवटचं वाक्य बोलायला नको होतं हे तिला ते तोंडातून निघतानाच कळलं. ल्युबिशा हातातली बाटली घेऊन तसाच उभा राहिला आणि त्याने आईकडे पाहिलं. पन्नाशीचा माणूस, अख्ख्या फॅकल्टीच्या किल्ल्या त्याच्याकडे, पण त्या क्षणी त्याने आईकडेच पाहिलं.

"आजच्या दिवशी या घरात काम होत नाही," देसांकाबाई म्हणाल्या.

"माहीत आहे, आजी."

"कशावर लिहिलंयस?"

"निशावाच्या गाळावर."

"किती वर्षं?"

"नऊ."

"चिखल बघायला नऊ वर्षं?" मावशी पुटपुटल्या आणि दोघंतिघं हसले. देसांकाबाई हसल्या नाहीत.

"काम होत नाही," त्या सावकाश म्हणाल्या, "पण पाहुण्याने मागितलं तर आजच्या दिवशी नाहीही म्हणत नाहीत. देईल तो. मात्र पाहुणा या घरातून उपाशी जात नाही. मासा खा, मग."

म्हणजे सुटका झाली आणि झालीही नाही. नेवेना बसली आणि कार्प मासा खाऊ लागली. त्या माशाला काटे किती असतात हे घाईत खाल्ल्याशिवाय समजत नाही. एक घास, एक काटा, भिंतीवरचं घड्याळ. तिहोमिर तिच्या ताटात डावभर भाजलेला घेवडा वाढायचा आणि ती तो गिळायची. सव्वा झाला, एक पंचवीस झाले. देसांकाबाईंनी तिच्या ताटाकडे पाहून मान हलवली तेव्हा एक बत्तीस झाले होते. पाच माणसं कण्हत उठली आणि नेवेना बाहेर आली.

ल्युबिशाने लॅपटॉप आणून स्वयंपाकघरातल्या फ्रिजवर ठेवला, केकच्या ताटांशेजारी.

"खाली ठेवा ना, टेबलावर," ती म्हणाली.

"आणि बसू? आईसमोर?"

टाचा उंचावून, खांद्यावर टॉवेल तसाच ठेवून, त्याने विद्यापीठाच्या नेटवर्कमध्ये शिरून तिचं खातं उघडलं. दोन मिनिटांचं काम. नेवेनाने स्टुलावर चढून नवा पासवर्ड घातला. फोल्डर दिसलं. चारशे बारा पानं जागच्या जागी होती, दुरुस्त्यांसकट. तिने प्रबंध पोर्टलवर चढवायला लावला. बारा टक्के. तेरा. तेरा. तेरा.

"नेट अडकलंय," ल्युबिशा म्हणाला. "सगळ्यांचे फोन याच्यावरच आहेत."

एक सत्तेचाळीस. दारात उभ्या असलेल्या देसांकाबाई मागे वळल्या.

"ए, आपापलं वायफाय बंद करा. सगळ्यांनी. तिहोमिर, तू आधी."

तिहोमिर मॅच बघत होता. त्याने वायफाय बंद करून फोन टेबलावर उपडा ठेवला. मग मावशींनी, मग एकेकाने. तेवीस माणसं हात मांडीवर घेऊन बसली, एका अनोळखी मुलीच्या चिखलासाठी. चाळीस टक्के. सत्तर. एक अठ्ठावन्नला पोर्टलने सांगितलं की प्रबंध मिळाला.

ल्युबिशाने मोठ्याने जाहीर केलं, ग्लास वर गेले. नेवेना स्टुलावरून उतरायच्या आधी पडद्यावर आणखी एक ओळ आली. प्रबंध जमा झालेल्या विद्यार्थ्याला फोल्डरमध्ये प्रवेश नाही.

"ते आपोआप होतं," ल्युबिशा म्हणाला. "आता सांगितलंस तरी मला उघडता येणार नाही."

"बाहेर पडलीस म्हणायची," देसांकाबाई म्हणाल्या. "आता कुठे जाणार?"

नेवेना उत्तर द्यायला गेली. व्हिएन्नाहून आलेल्या बोलावण्याला, मैत्रिणींच्या लग्नांना, समुद्रावरच्या सहलीला, आणि तीन वर्षं वाट बघून निघून गेलेल्या एका माणसाला, सगळ्यांना तिने एकच उत्तर दिलं होतं: प्रबंध झाला की. ते उत्तर आता चालणार नव्हतं आणि दुसरं तिच्याजवळ तयार नव्हतं.

"माहीत नाही, आजी," ती म्हणाली आणि स्टुलावरच बसून रडू लागली.